काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये

१८९५ सालच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये एका डॉक्टरानं एका अख्ख्या वाद्यवृंदाची फुंकवाद्यं स्वतःच्या खिशातून विकत घेतली. डॉक्टर घशाचे होते, नाव जॉर्ज कॅथकार्ट. गायक-गायिकांचे गळे तपासता तपासता त्यांचं मत बनलं होतं, की इंग्लंडात वाद्यांचा सूर फार चढा लावतात आणि त्यापायी चांगले गळे बिघडतात. त्याच सुमारास क्वीन्स हॉलचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन स्वस्त तिकिटांच्या मैफली सुरू करू पाहत होते. हातात पैसे नव्हते. कॅथकार्ट म्हणाले, पैसे मी देतो, पण माझ्या दोन अटी आहेत. एक, संचालन हेन्री वुड या सव्वीस वर्षांच्या तरुणानंच करायचं. दुसरी, सूर खाली आणायचा, फ्रान्समध्ये आहे तेवढा.

न्यूमन आणि वुड राजी झाले. राजी झाले नाहीत ते वाजवणारे, आणि त्यातही फुंकवाद्यांचे वादक. व्हायोलिनवाल्यांना काय, खुंटी जरा सैल केली की काम झालं. क्लॅरिनेटवाल्याला मात्र नवीन क्लॅरिनेट घ्यावं लागणार, तेही एक नव्हे, दोन. ते पैसे कोण देणार? अखेर कॅथकार्टनी ब्रुसेल्सच्या व्हिक्टर माहियाँ यांच्याकडून खालच्या सुराची फुंकवाद्यं आणवली आणि वादकांना वापरायला दिली. १० ऑगस्टला पहिली मैफल झाली. हंगाम संपेपर्यंत वादकांच्या कानांना तो सूर रुचला आणि त्यांनी ती वाद्यं विकत घेतली. याच मैफली पुढे ‘प्रॉम्स’ म्हणून जगभर गाजल्या.

ही गोष्ट संगीताच्या इतिहासात बहुधा वुड यांच्या चरित्रातला एक गमतीदार किस्सा म्हणून येते. मला ती जास्त मोलाची वाटते, कारण बँडसाठी क्लॅरिनेट निवडणं म्हणजे नेमकं काय असतं ते तिच्यात उघडं पडलं आहे. एकटा वादक स्वतःसाठी वाद्य निवडतो तेव्हा तो हात, ओठ आणि कान यांचं ऐकतो. बँडसाठी निवडायचं झालं की आधी प्रश्न येतो तो सुराचा, आणि सुराचा प्रश्न आला की लगेच मागून येतो पैशाचा. गेल्या दोनशे वर्षांत बँडच्या क्लॅरिनेटचा निर्णय वादकानं क्वचितच घेतला. तो घेतला कर्नलनं, समितीनं, डॉक्टरनं, सरकारी खजिन्यानं, आणि आपल्याकडे बँडच्या मालकानं.

क्लॅरिनेटचीच अशी अडचण का, हे आधी सांगायला हवं. ट्रम्पेट किंवा कॉर्नेटची एखादी नळी जराशी बाहेर ओढली की सगळं वाद्य थोडं उतरतं. थोडी कसर राहिली तर वादक ओठांनी सांभाळून घेतो. क्लॅरिनेट म्हणजे सरळ पोकळीची, एका टोकाला जवळपास बंद असलेली नळी, आणि तिच्यावर हिशेबानं पाडलेली चोवीसेक भोकं. माउथपीसच्या खालचा तुकडा बाहेर ओढून नळी लांब करता येते, पण मग वरच्या भोकांचे सूर जास्त उतरतात आणि खालच्या भोकांचे कमी. पाच मिलिमीटर ओढलं, तर वाद्य उतरण्याऐवजी आपल्या आपल्यातच बेसूर होतं. भोकांची जागा कारखान्यात एकदा ठरली की ठरली. म्हणून सूर बदलायचा असेल तर क्लॅरिनेटच बदलावं लागतं. लष्करी बँडमध्ये तर क्लॅरिनेट एखाददुसरं नसतं. वाद्यवृंदात व्हायोलिनं जे काम करतात ते इथं क्लॅरिनेटं करतात, पहिली, दुसरी, तिसरी अशा रांगांनी. मोठ्या बँडमध्ये डझनभर सहज.

आता त्या चढ्या सुराचा हिशेब आपल्या पेटीवर करून पाहू. पाश्चात्त्य वाद्यवृंद जुळवून घेतो तो सूर म्हणजे पेटीची पांढरी सहा. आज तिची कंपनसंख्या सेकंदाला ४४० धरतात. फ्रान्सनं १८५९ साली कायदा करून ती ४३५ ठरवली. त्यासाठी नेमलेल्या समितीत रॉसिनी, बर्लिओझ, मायरबेअर अशी माणसं होती. इंग्लंडात मात्र फिलहार्मोनिक सोसायटीच्या मैफलींतून सूर चढत चढत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ४५२च्या वर गेला होता. चढा सूर जास्त तेजस्वी वाटतो, आणि शेजारचा वाद्यवृंद जरा वर लावतो म्हटल्यावर आपण खाली कसं राहायचं, अशी ती चढाओढ. ४३९ आणि ४५२ यांतलं अंतर म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा साधारण अर्धा. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधल्या फटीत पडणारा सूर. कोणाच्याही कानाला तो बोचेल. क्लॅरिनेटच्या लांबीत हाच फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा भरतो.

लष्कराची कथा याहून जुनी. पूर्वी ब्रिटिश पलटणीचा बँड ही सरकारची नव्हे, तर पलटणीतल्या अधिकाऱ्यांची हौस होती. खर्च त्यांच्या वर्गणीतून. बँडमास्तर बहुतेकदा बाहेरून, जर्मनी-इटलीतून आणलेला आणि मुलकी. वाद्यं कोणती घ्यायची ते तो सांगणार, आणि वाद्यं विकणाऱ्या पेढ्यांशी त्याचं सूत जमलेलं असणार, हे ओघानं आलंच. एका पलटणीचा बँड एका पेढीकडून, तर दुसरीचा दुसऱ्या पेढीकडून. प्रत्येकाचा सूर वेगळा. एकटा बँड वाजत असेल तोवर कोणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते क्रिमियाच्या युद्धात. गोष्ट अशी सांगतात, की १८५४च्या मे महिन्यात तुर्कस्तानात स्कुतारी इथं राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाची कवायत होती. दोस्त राष्ट्रांचे सेनापती हजर. सगळ्या पलटणींच्या बँडनी मिळून राष्ट्रगीत वाजवायचं होतं. त्यांनी ते वाजवलं, पण वेगवेगळ्या स्वरलेखनातून, वेगवेगळ्या पट्टीत आणि वेगवेगळ्या सुरात. ही कथा तोंडातोंडी रंगत गेली असणार, पण परिणाम खरा आहे. राणीचे चुलतभाऊ केंब्रिजचे ड्यूक यांनी पुढं सरसेनापती झाल्यावर मनावर घेतलं आणि १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉलमध्ये लष्करी संगीताची शाळा उघडली. आता बँडमास्तर लष्करातलाच, लष्करानंच शिकवलेला असणार होता, आणि सूर सगळ्यांचा एक असणार होता. दुर्दैव एवढंच, की तो एक सूर म्हणजे तोच चढा फिलहार्मोनिक सूर. १८९६ साली फिलहार्मोनिकनं स्वतः सूर उतरवला, पण लष्कर मागं राहिलं. जगभर पसरलेल्या सगळ्या पलटणींची फुंकवाद्यं एकदम बदलायची म्हणजे खर्च केवढा! लष्करानं सूर उतरवला तो थेट १९२०च्या दशकाच्या अखेरीस.

मधली तीसेक वर्षं व्यावसायिक वादकाचे हाल काय झाले असतील याची कल्पना करावी. संध्याकाळी वाद्यवृंदात खालचा सूर, रविवारी बागेत लष्करी धर्तीच्या बँडमध्ये चढा. वाद्यवृंदाच्या वादकाला क्लॅरिनेटची जोडी लागते, एक बी-फ्लॅट आणि एक ए. दोन्हीकडे कमाई करायची तर दोन्ही सुरांची वाद्यं पदरी हवीत. अशी दुहेरी पेटी घेऊन हिंडणारे वादक तेव्हा खरोखर होते.

जोडी लागते ती का, याचंही मूळ एका निवडीतच आहे. १८१२ साली इवान म्युलर नावाच्या वादकानं पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीपुढं तेरा चाव्यांचं नवं क्लॅरिनेट मांडलं. भोकं नीट झाकली जावीत म्हणून त्यानं चाव्यांना भरीव गाद्या लावल्या होत्या. त्याचा दावा असा, की या एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजतात, वेगवेगळी क्लॅरिनेटं बाळगायची गरज नाही. समितीनं ते नाकारलं. सी, बी-फ्लॅट आणि ए यांच्या नळ्या वेगळ्या लांबीच्या, म्हणून त्यांचा आवाजही वेगळ्या रंगाचा. एकच वाद्य ठेवलं तर हा रंग जाईल, असं समितीचं म्हणणं. या समितीची पुढं पुष्कळ थट्टा झाली. मला ती सगळी रास्त वाटत नाही. म्युलरच्या चाव्या आणि गाद्या जगानं उचलल्या हे खरं, पण आजही वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवादक दोन वाद्यं घेऊनच बसतो.

चाव्यांच्या रचनेवरूनही असाच दीर्घ वाद चालला. १८३९च्या पॅरिस प्रदर्शनात क्लोझे हा वादक आणि बुफे हा कारागीर या दोघांनी नवी रचना दाखवली. थेओबाल्ड बोम यानं बासरीसाठी काढलेली कड्यांची कल्पना तिच्यात वापरली होती, म्हणून क्लॅरिनेटच्या कामात त्याचा थेट हात नसतानाही तिला बोम पद्धती हे नाव पडलं. बोटाखाली कडं असतं. बोट भोकावर टेकलं की कडं दाबलं जातं आणि दूरचं दुसरं भोक आपोआप झाकलं जातं. अवघड बोटफिरत सोपी होते. ब्रुसेल्सच्या यूजेन आल्बेर यांनी मात्र म्युलरची जुनी साधी रचनाच सुधारून अतिशय देखणी, सुरेल वाद्यं बनवली. इंग्रज वादकांची मनं त्यांनी जिंकली. तिकडचा त्या काळातला सर्वांत नावाजलेला वादक हेन्री लॅझरस आयुष्यभर आल्बेर पद्धतीवरच वाजवत राहिला. तो नेलर हॉलमध्ये शिकवतही होता आणि गंमत अशी, की विद्यार्थ्यांना बोम पद्धती घ्या असं सांगत होता. स्वतःच्या बोटांना पडलेलं वळण मोडायचं नाही, पण नव्या बोटांना ते वळण लावायचंही नाही. लष्करी बँडमध्ये साधी पद्धती त्यानंतरही बराच काळ टिकली. ती स्वस्त होती, चाव्या कमी म्हणून दुरुस्ती सोपी होती, आणि बरॅकमधल्या कोणाही पोराला जुनं वाद्य जसंच्या तसं देता येत होतं.

साधी पद्धती फक्त स्वस्ताईमुळे टिकली असं मात्र म्हणता येणार नाही. सिडनी बेशे, जॉनी डॉड्ज हे न्यू ऑर्लिन्सचे थोर जॅझ वादक तिच्यावरच वाजवत. तुर्कस्तानात आजही जी पट्टीचं लांब क्लॅरिनेट याच रचनेचं असतं. या लोकांचं संगीत सुरांवर पायऱ्या चढल्यासारखं चढत नाही, ते घसरत जातं. आपल्या भाषेत मींड. उघड्या भोकावरून बोट हळूहळू सरकवलं की सूर मधल्या सगळ्या जागा दाखवत जातो. बोम पद्धतीत बोटाखालचं कडं मध्येच दूरचं भोक झाकून टाकतं, त्यामुळं हे जास्त सांभाळून करावं लागतं. एका परंपरेत जी गोष्ट मागासलेपण ठरली, तीच दुसऱ्या परंपरेत गुण ठरली.

भारतात क्लॅरिनेट आलं ते याच लष्करी वाटेनं. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकातच महादेव नट्टुवनार यांनी ते सादिर नृत्याच्या साथीला बसवलं. पुढं ए. के. सी. नटराजन यांनी ते कर्नाटक संगीताच्या मैफलीत सन्मानानं नेलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नटराजन मुळात नादस्वरमच्या परंपरेतले, म्हणजे उघड्या भोकांवर गमक काढणाऱ्या बोटांचे, हे इथं लक्षात घ्यावं. पश्चिम किनाऱ्यावर वाट वेगळी होती. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवत. तिथून निघालेले गोमंतकीय वादक मुंबई इलाख्यातल्या आणि दूरदूरच्या बँडमध्ये, संस्थानांमध्ये नोकरीला लागले. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी कलकत्त्यात ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते ईडन गार्डनचे बँडमास्तर लोबो हे गोमंतकीयच. खाँसाहेब स्वतः क्लॅरिनेटही वाजवत.

आपल्या हवेत निवडीचा आणखी एक मुद्दा निघाला, लाकडाचा. जुनी क्लॅरिनेटं बॉक्सवुडची असत. ते लाकूड दमट हवेत वाकतं. मग आफ्रिकेतलं काळं लाकूड आलं. टांझानिया-मोझांबिककडे त्याला मपिंगो म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते आपल्या शिसवीच्याच कुळातलं, पण शिसवीहून कितीतरी जड, पाण्यात टाकलं तर बुडणारं. व्यावसायिक दर्जाचं क्लॅरिनेट आजही याचंच. पण कोरड्या उन्हाळ्यात बाहेरून वाळलेल्या नळीत आतून श्वासाची वाफ गेली की वरच्या सांध्याला चीर पडते, आणि पावसाळ्यात नळीचे सांधे फुगून एकमेकांत अडकतात. म्हणून उष्ण देशांतल्या पलटणींसाठी एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची क्लॅरिनेटं निघाली, धातूचीही निघाली. एबोनाइटला चीर पडत नाही. उन्हात राहून काळ्याचा हिरवट तपकिरी रंग होतो आणि जरा घासलं की गंधकाचा वास येतो, एवढंच. मिरवणुकीच्या बँडला ते लाकडापेक्षा शहाणपणाचं होतं, पण त्या शहाणपणाला प्रतिष्ठा कधी मिळाली नाही. लाकडाचं ते उस्तादाचं, रबराचं ते शिकाऊ पोराचं, ही श्रेणी आजही कायम आहे.

तापमानाचा सुराशीही संबंध आहे. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि फुंकवाद्य चढतं. फ्रान्सचं ४३५ हे पंधरा अंश सेल्सियसला मोजलेलं. लंडनवाल्यांनी आपल्या उबदार सभागृहाचा हिशेब करून त्याचंच ४३९ केलं. मे महिन्यातल्या वरातीचा हिशेब कोणी केला नव्हता.

लष्करानं वाद्यं बाद केली की ती नाहीशी होत नाहीत, खाली झिरपतात. पलटणींतून आणि संस्थानांच्या बँडमधून निघालेली वाद्यं खासगी बँडवाल्यांच्या हाती आली. पितळी वाद्यं पुढं मेरठच्या कारखान्यांतून देशीही मिळू लागली. नादिर अली यांची तिथली पेढी १८८५ची. जुनं विलायती क्लॅरिनेट मात्र जपून ठेवायची वस्तू होती, कारण वरातीत गाण्याची ओळ बहुतेकदा क्लॅरिनेटच पुढं नेतं. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड ऐकलेल्यांना हे सांगायला नको.

आणि इथंच तो जुना चढा सूर पुन्हा आडवा येतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर वादक ज्याला सी म्हणतो तो पेटीवर काळी पाच असतो. चढ्या सुराचं जुनं क्लॅरिनेट असेल तर तोच सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत पडतो, जिथं पेटीवर पट्टीच नाही. अशी दोन वाद्यं एका रांगेत उभी राहिली तर काही इलाज नाही. चढं उतरत नाही आणि उतरलेलं चढत नाही. पितळी वाद्यांची नळी ओढून ती खाली आणता येतात, पण चढ्या क्लॅरिनेटपर्यंत वर नेता येत नाहीत. बँडच्या मालकानं स्वस्तात मिळालं म्हणून एक जुनं वाद्य आणलं, की ते वाजवणाऱ्याला आयुष्यभर ‘तुझा कान कच्चा’ हे ऐकून घ्यावं लागतं. कान कच्चा नसतो, नळी दोन सेंटिमीटर आखूड असते.

आज क्लॅरिनेट घेणाऱ्या बँडपुढं सुराचा घोळ उरलेला नाही. १९३९च्या लंडन परिषदेत ४४० ठरलं आणि हळूहळू सगळ्यांनी मानलं. आता भांडण आहे ते नळीच्या आतल्या रुंदीचं. बूझी अँड हॉक्सचं १०१० हे इंग्रजी क्लॅरिनेट आतून सव्वापंधरा मिलिमीटरच्या आसपास होतं. जॅक ब्रायमरसारख्या वादकांनी त्याचा मोकळा, गोल आवाज प्रसिद्ध केला. बुफे क्राम्पाँचं आर-१३ साडेचौदाच्या थोडं वर. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त एवढाच फरक, पण त्यानं आवाजाचा रंग बदलतो, आणि महत्त्वाचं म्हणजे खालच्या आणि वरच्या सप्तकातलं नातं बदलतं. क्लॅरिनेट जोरात फुंकून वरच्या सुरावर गेलं की बासरीसारखं आठव्यावर नाही, बाराव्या सुरावर जातं. हे बारावे सूर जुळणं सर्वस्वी आतल्या पोकळीवर असतं. रांगेतल्या निम्म्यांची पोकळी रुंद आणि निम्म्यांची अरुंद असली तर खाली जुळलेले वर फाटतात. १९८१ साली बूझी अँड हॉक्सनं बुफे क्राम्पाँच विकत घेतली आणि त्या दशकात १०१०चं उत्पादन थांबलं. जिंकलेल्या वाद्याचा कारखाना हरलेल्याच्या मालकानं विकत घ्यावा, असं व्यापारातच घडतं.

म्हणून जाणते बँडमास्तर एकेक वाद्य सुटं निवडत नाहीत. एकाच बनावटीची, एकाच पोकळीची वाद्यं मागवतात, माउथपीससुद्धा एकाच मापाचे लावतात, आणि चारपाच जणांना एकत्र एकच लांब सूर धरायला सांगतात. मधल्या पट्टीचे गळ्याजवळचे सूर, जे प्रत्येक क्लॅरिनेटवर जरा पोकळ निघतात, ते आधी तपासतात. एकट्यानं वाजवताना सर्वांत गोड वाटलेलं वाद्य कित्येकदा रांगेत बसत नाही आणि परत जातं. ते परत करणाऱ्या वादकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

लाकडाची गोष्टही संपलेली नाही. मपिंगो फार सावकाश वाढतो. २०१७ साली शिसवीच्या सगळ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि क्लॅरिनेट घेऊन देशोदेशी फिरणारे वाद्यवृंद कागदपत्रांत अडकले. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. नेलर हॉलमधून लष्करी संगीताची शाळा २०२१ साली हलली.

पण चढ्या सुराची क्लॅरिनेटं अजून हिंडताहेत. जुन्या बाजारात, एखाद्या बंद पडलेल्या बँडच्या पेटाऱ्यात, काळं चकचकीत आणि मोहात पाडणारं वाद्य मिळतं, किंमतही परवडणारी. नळीवर कारखान्याच्या नावाजवळ इंग्रजी एच आणि पी ही दोन अक्षरं कोरलेली आहेत का ते बघावं. कोणी घासून काढली असतील तर बरोबर पेटी न्यावी, क्लॅरिनेटवर सी धरायला सांगावा, आणि काळी पाच दाबावी.